असेंब्लीची पहिली शाळा

केंब्रिजमध्ये 6 मे 1949 रोजी एडसॅक या संगणकाने वर्गसंख्यांचा तक्ता छापून दिला. यंत्राला कळणार फक्त शून्य आणि एक. पण आत गेलेल्या कागदी पट्टीवर चक्क अक्षरं टोचलेली होती. बेरजेला ए, वजाबाकीला एस, थांबायला झेड, आणि पुढे मेमरीतला पत्ता आपल्या रोजच्या आकड्यांत. हे सगळं द्विमान आकड्यांत बदलायचं कंटाळवाणं काम डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याने यंत्राच्याच गळ्यात मारलं. त्याला जेमतेम 31 आज्ञा पुरल्या. तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरत तशा स्विचांवर त्या कायमच्या जोडून ठेवल्या होत्या. अशा खुणांची, म्हणजे असेंब्लीची, लेखनपद्धत लंडनच्या बर्कबेक कॉलेजच्या कॅथलीन ब्रिटन (पुढे बूथ) यांनी 1947 मध्येच कागदावर मांडली होती, हेही सांगायला हवं. त्यांचं नाव फार उशिरा घेतलं जाऊ लागलं.

यंत्र तयार झालं, पण ते चालवायला शिकवणार कोण? ज्यांनी बांधलं तेच. केंब्रिजने 1950 पासून बाहेरच्यांसाठी उन्हाळी वर्ग भरवले. पुढच्याच वर्षी तिथे येऊन शिकलेल्यांत पुढे नावाजलेले संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा होते. एडसॅकच्या गटातल्या विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांचं प्रोग्रामिंगचं पुस्तकही 1951 चंच. त्यातली खरी युक्ती म्हणजे तयार उपकार्यक्रमांचा संग्रह. उत्तर छापायचा कार्यक्रम आधीच लिहिलेला असेल, तर नवशिक्याने पहिल्याच दिवशी त्यात डोकं का फोडावं?

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली शाळा याच्या नेमकी उलट. तिथे 8085 या प्रोसेसरचं सरावाचं किट. इंटेलची ही चिप 1976 ची. किटवर सोळा अंकांचा कीपॅड, वर लाल आकडे, हाताशी ऑपकोडचा, म्हणजे प्रत्येक आज्ञेच्या आकड्याचा, तक्ता आणि रमेश गावकरांचं जाडजूड पुस्तक. पाच आणि तीन यांची बेरीज करायची तर दाबायचं: 3E 05, 06 03, 80, 32 50 20, 76. पहिल्या दोन जोड्या आकडे रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यांत, भरतात, 80 बेरीज करतो, 32 उत्तर ठेवतो, 76 थांबवतो. उत्तर 2050 या पत्त्यावर जातं, पण पत्ता भरायचा उलटा, आधी 50 मग 20. इथे बहुतेकांचा पाय घसरतो. मग रिसेट दाबून 2050 उघडायचं. 08 दिसलं की जमलं.

म्हणजे व्हीलरने यंत्रावर ढकललेलं काम किटने पुन्हा विद्यार्थ्याच्या माथी मारलं. खुणांचे आकडे करणारा असेंब्लर तोच! मला विचाराल तर त्यातच फायदा होता. आजच्या प्रोसेसरचे जाड ग्रंथ शेकडो आज्ञा अंगावर घालतात. नवशिक्याने आधी 8085 चा एखादा फुकट सिम्युलेटर घ्यावा, वरचे नऊ बाइट भरावेत आणि एकेक आज्ञा चालवत फक्त ॲक्युम्युलेटरकडे, म्हणजे बेरीज जमा होते त्या रजिस्टरकडे, बघावं. 80 चालताच तिथला 05 जाऊन 08 येतो. मेमरीत मात्र उत्तर अजून पोचलेलं नसतं, त्याला 32 ची वाट पाहावी लागते.