व्यक्तिछायाचित्रण : प्रकाशयोजना व पोझ

व्यक्तीचा चेहरा, ठेवण आणि स्वभाव टिपण्यासाठी काढलेल्या छायाचित्राला व्यक्तिछायाचित्र म्हणतात. प्रकाश कुठून, किती आणि कसा पडावा याची आखणी म्हणजे प्रकाशयोजना. व्यक्तीने कसे बसावे, कसे उभे राहावे, मान, खांदे आणि हात कुठे असावेत याची आखणी म्हणजे पोझ. पाठ्यपुस्तकांत ही दोन प्रकरणे वेगळी असली, तरी कामात ती वेगळी काढता येत नाहीत. मान दोन बोटे वळली की नाकाची सावली सरकते, आणि दिवा जागच्या जागी असूनही प्रकाशयोजना बदलून जाते.

१८३९ मध्ये दागेरोटाइप तंत्र जाहीर झाले, तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. बसणाऱ्याचे डोके हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत, कोपर टेबलावर टेकवायला सांगत. जुन्या फोटोंतला ताठरपणा बराचसा या आधारातून आलेला आहे. १८४० मध्ये योझेफ पेट्झव्हाल यांनी जास्त प्रकाश आत घेणारे भिंग रचले आणि हा वेळ खूपच खाली आला. त्या काळचे युरोपातले स्टुडिओ उत्तरेकडे काचेचे छत ठेवत, कारण तिकडून थेट ऊन येत नाही आणि दिवसभर सारखा, मऊ उजेड मिळतो. पॅरिसमध्ये नादार यांनी रंगवलेले पडदे बाजूला सारून साध्या पार्श्वभूमीवर, बाजूने येणाऱ्या उजेडात माणसे उभी केली. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६७ मध्ये शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे चित्र घेताना त्यांना केस धुऊन विस्कटायला लावले. पांढऱ्या केसांनी उजेड पकडावा, एवढाच त्यामागचा हेतू.

आजच्या स्टुडिओतही आधी मुख्य दिवा ठरतो. बाकीचे दिवे त्याच्या सावल्या सांभाळण्यासाठी असतात. मुख्य दिव्याची जागा ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे नाकाची सावली. दिवा चेहऱ्यासमोर आणि उंच असला, तर ती नाकाखाली फुलपाखरासारखी उमटते. गालांची हाडे यात उठून दिसतात, म्हणून १९३० च्या दशकात हॉलिवूडने ही पद्धत तारकांसाठी भरपूर वापरली. दिवा थोडा बाजूला घेतला की सावली तिरपी, लहान आणि गोलसर होते. बहुतेक चेहऱ्यांना हीच मानवते. आणखी बाजूला, साधारण ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीच्या वर दिवा गेला की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट यांच्या चित्रांत असा उजेड दिसतो, म्हणून या योजनेला त्यांचे नाव आहे. त्रिकोण डोळ्याहून रुंद आणि नाकाहून लांब नसावा, असा संकेत आहे. दिवा पूर्ण बाजूला नेला तर चेहरा अर्धा उजेडात, अर्धा अंधारात जातो. परिणाम नाट्यमय असतो, पण तो प्रत्येक स्वभावाला शोभत नाही.

सावली किती गडद ठेवायची ते पूरक प्रकाशावर, म्हणजे सावलीची बाजू उजळवणाऱ्या दुय्यम प्रकाशावर ठरते. उजळ आणि गडद बाजूंत एका स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट) फरक म्हणजे २:१, दोन स्टॉपचा ४:१, तीन स्टॉपचा ८:१. सावलीची कड मऊ की तीक्ष्ण, हे मात्र चेहऱ्यावरून पाहिल्यास उजेडाचा स्रोत केवढा दिसतो यावर अवलंबून असते. सूर्य प्रचंड असूनही फार दूर आहे, म्हणून भर उन्हातली सावली कठोर. एकच सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यापुढची पांढऱ्या कापडाची पेटी, जवळ आणला तर सावली मऊ, लांब नेला तर कठोर. लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले की चेहऱ्यावरचा उजेड चौथा हिस्सा उरतो. घरात हे सगळे खिडकीपाशी साधते: व्यक्तीला खिडकीच्या बाजूला बसवावे आणि पलीकडून थर्माकोलचा पांढरा तक्ता धरावा.

पोझमध्ये पहिली गोष्ट पायांची. भार मागच्या पायावर, धड कॅमेऱ्यापासून किंचित वळलेले, चेहरा परत कॅमेऱ्याकडे. हनुवटी जराशी पुढे आणि खाली घेतली की जबड्याची रेषा स्पष्ट होते. चेहरा पाऊण वळवला असेल तर नाकाचे टोक पलीकडच्या गालाची कड ओलांडू नये. दिवा कॅमेऱ्यापासून दूर असलेल्या, अरुंद दिसणाऱ्या बाजूवर टाकला की चेहरा निमुळता वाटतो. जवळच्या रुंद बाजूवर टाकला की भरलेला. हातांची कड दाखवावी, पंजाची रुंद पाठ नव्हे. कॅनडाचे युसूफ कार्श हातांसाठी अनेकदा वेगळा दिवा लावत. हातांकडे एवढे लक्ष आज फार कमी जण देतात, आणि ते चित्रात जाणवते. मनगट, कोपर, गुडघा अशा सांध्यांवर चौकट कापू नये.

अंतराचा विचारही पोझचाच भाग आहे. मोबाइल हातभर अंतरावर धरला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. याला कारण भिंग नसून जवळीक आहे. दीड-दोन मीटर मागे सरावे आणि तिथूनही चेहरा चौकटीत मोठा यावा म्हणून ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग लावावे, चेहरा त्याच्या खऱ्या प्रमाणात येतो.

सावळ्या त्वचेबाबत विशेष काळजी हवी. कॅमेऱ्याचा आपोआप मोजणारा मीटर सगळे दृश्य मध्यम राखाडी धरतो. त्यामुळे पांढरे धोतर किंवा पांढरी साडी चौकटीत जास्त असली की चेहरा काळवंडतो, आणि गडद पार्श्वभूमी असली की त्वचा फिकी पडते. अशा वेळी मोजमाप चेहऱ्यावरच घ्यावे. सावळ्या चेहऱ्याची घडण त्यावरच्या चमकेतून उमगते, म्हणून मोठा स्रोत बाजूने वापरावा. चेहरा उजळवणे हा हेतू मुळीच नसावा. रंगीत फिल्मच्या काळात छपाईची जुळवणी गोऱ्या स्त्रीच्या नमुनाचित्रावरून केली जाई, त्याचा तोटा इतर वर्णांच्या माणसांनी कित्येक वर्षे सोसला.

महाराष्ट्रात या कलेची ठळक नावे मुंबईत सापडतात. दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी हिंदी चित्रपटांतील नटनट्यांचे कृष्णधवल चेहरे घडवले. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी पुढे तारकांचे चेहरे मऊ प्रकाशात, अगदी जवळून दाखवले. त्यांचे ‘फेसेस’ हे पुस्तक १९९७ मध्ये आले. इथल्या पेहरावासाठीही प्रकाशयोजना थोडी बदलावी लागते. नथ घातलेल्या चेहऱ्यासाठी मुख्य दिवा शक्यतो नथीच्या, म्हणजे त्या व्यक्तीच्या डाव्या बाजूला ठेवावा. नाहीतर ती नाकाच्या सावलीत बुडते. फेटा असेल तर दिवा थोडा खाली घ्यावा, म्हणजे कपाळ आणि डोळे मोकळे राहतात.