चेंडूच्या पोटातली हवा

श्रोतेहो, हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात काय किंवा तुमच्या गावात काय, शाळा सुटली की मुले लवदार चेंडू घेऊन क्रिकेट मांडतात. तो चेंडू मुळात टेनिसचा. आता तसाच दिसणारा दुसरा चेंडू शहरांत आला आहे, ‘पॅडेल’ नावाच्या खेळाचा. दोन्ही हातात घेतले तरी फरक चटकन कळायचा नाही. मग नावे दोन का? त्याचे उत्तर इतिहासात आहे.

टेनिसचा पूर्वज हा आपल्या चिंध्यांच्या चेंडूचाच भाऊ. युरोपात जुना टेनिस भिंतींच्या आत खेळत. त्याचा चेंडू केस, लोकर, चिंध्या यांनी ठासून भरलेला असे. फरशीवर तो उडे; पण हिरवळीवर टाकला की बसलाच! पुढे 1844 साली चार्ल्स गुडइयर याला गंधकाने रबर पक्के करण्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्यातून उसळणारे पोकळ रबरी चेंडू आले, आणि 1874 मध्ये मेजर विंगफील्ड याने इंग्लंडात मोकळ्या मैदानावरच्या टेनिसचे पेटंट घेतले. भिंतींतला खेळ असा उघड्यावर आला.

गंमत पाहा, 1969 मध्ये मेक्सिकोतील एन्रिके कॉर्कुएरा यांनी आकापुल्को येथे त्याला पुन्हा भिंतींत नेले. टेनिसचे मैदान 23.77 मीटर लांब. पॅडेलचे 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद. जमिनीवर एकदा आपटलेला चेंडू भिंतीवरून परतला तरी तो मारता येतो. एवढ्याशा जागेत चेंडू फार चपळ असून कसे चालेल? म्हणून त्याच्या पोटातली हवा कमी केली.

टेनिसच्या चेंडूत बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला साधारण 12 ते 14 पौंड जास्त दाब असतो, पॅडेलच्या चेंडूत 10 ते 11. वजन दोहोंचे 56 ते 59.4 ग्रॅम. व्यास टेनिसचा 6.54 ते 6.86 सेंटिमीटर, पॅडेलचा 6.35 ते 6.77. म्हणजे पॅडेलचा चेंडू किंचित लहान आणि जरा मऊ.

मात्र ‘हवा गेलेला टेनिसचा चेंडू म्हणजेच पॅडेलचा’ असे कुणी म्हणाले, तर मान डोलावू नका. त्याची लवही झिजलेली असते, आणि उसळी किती उरली याचा नेम नसतो.

गुरुजी, याची परीक्षा वर्गातच घेता येते. भिंतीवर 254 सेंटिमीटरवर खूण करा आणि तिथून टेनिसचा नवा चेंडू कठीण फरशीवर सोडा. तो 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. मग मैदानावरचा जुना चेंडू सोडा आणि मुलांनाच मोजू द्या. डोळ्यांना न दिसणारी हवा त्यांना पट्टीवर दिसेल. आणि तो जुना चेंडू फेकू नका. टेनिसच्या कामातून तो गेला असला, तरी गावच्या क्रिकेटात त्याची दुसरी खेळी बाकी आहे.