वऱ्हाडांतील घरगुती समुद्र

अमरावती-अकोल्याकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत विहिरींचें पाणी खारट लागतें. मग त्यांतच समुद्रजीव कां पाळूं नयेत, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्याचें उत्तर मत्स्यालयाच्या इतिहासांत मिळतें.

१८४६ सालीं ॲना थिन या बाईंनीं इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरील पोवळीं लंडनला नेलीं. दासी रोज खिडकीपाशीं समुद्रजल एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतून त्यांत हवा खेळवी. पुढें समुद्रशेवाळानें तिचें काम हलकें केलें. १८५४ मध्यें फिलिप गॉस यांनीं मीठ, मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्षार मोजून गोड्या पाण्यांत मिसळले आणि कृत्रिम समुद्रजल सिद्ध केलें.

समुद्र म्हणजे केवळ मीठ नव्हे, हाच येथील बोध. लिटरभर समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार ठराविक प्रमाणांत असतात; विहिरींत तें प्रमाण नसतें. म्हणून वऱ्हाडांतील हौशी गृहस्थानें क्षारविरहित पाण्यांत तयार समुद्री मीठ मिसळावें, आणि मत्स्यमलाचें विष निवारणारे जंतू वाढेपर्यंत कांहीं आठवडे धीर धरावा. भारतीय समुद्रांतील प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. तेव्हां घरच्या टांकींत कृत्रिम खडक शोभेल, तोडून आणलेलें जिवंत पोवळें नव्हे.