गिटारबंदी ते फुकुशिमा : जपानी पंकची गोष्ट



जपान आणि गाणी म्हटलं की आपल्या पिढीला आधी आठवते ती 'लव्ह इन टोकियो'मधली आशा पारेख. तो सिनेमा १९६६चा. त्याच वर्षी ३० जून ते २ जुलै बीटल्स टोकियोच्या बुदोकानमध्ये वाजवून गेले. बुदोकान हे १९६४च्या ऑलिम्पिकमधल्या जुदोसाठी बांधलेलं सभागृह. तिथे केस वाढवलेल्या विलायती पोरांनी गिटारी वाजवायच्या म्हणजे काय, म्हणून उजव्या संघटना चक्क रस्त्यावर उतरल्या होत्या!

मी टोकियोत राहतो आणि इथल्या पंक आणि गराज रॉकचं मला वेड आहे. "जपान्यांनी सगळं अमेरिकेचं उचललंय, त्यात काय ऐकायचं?" असं मला अधूनमधून ऐकवलं जातं. त्यावर माझं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

सुरुवात बीटल्सपासून नाही, व्हेंचर्सपासून. जानेवारी १९६५मध्ये हा अमेरिकन बँड जपानात आला आणि पोरं इलेक्ट्रिक गिटारसाठी वेडी झाली. तारांवरून सरसर खाली उतरणाऱ्या त्या आवाजाला इथे 'तेकेतेके' म्हणायला लागले. लगेच मोठी माणसं घाबरली. त्याच वर्षी तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहरात शाळकरी मुलांना इलेक्ट्रिक गिटारची बंदी झाली. गिटार वाजवली की पोरं बिघडतात, हे तर्कशास्त्र आपल्यालाही अनोळखी नाही.

मग 'ग्रुप साउंड्स'ची लाट आली. स्पायडर्स, टायगर्स, टेंप्टर्स, मॉप्स... नावं इंग्रजी, चेहरे देखणे, मुली किंचाळताहेत. पण बरीचशी गाणी धंदेवाईक संगीतकारांनी करून दिलेली. टायगर्सची गाजलेली गाणी कोइची सुगियामांची, म्हणजे ज्यांनी पुढे 'ड्रॅगन क्वेस्ट' या व्हिडिओ गेमचं संगीत केलं तेच. लांब केसांचे बँड सरकारमान्य एनएचकेला चालत नसत. दशक संपता संपता ही लाट ओसरली.

खरा वाद त्यानंतर पेटला, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: रॉक जपानी भाषेत गाता येतं का? युया उचिदासारखे म्हणत की जगात जायचं तर इंग्रजीतच गायला हवं. शिवाय जपानीत जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वरान्त, त्यामुळे इंग्रजीचा तो ठोका बसत नाही. 'हॅपी एंड' या बँडने १९७०–७१मध्ये जपानीतच रेकॉर्डी काढून दाखवल्या. भाषा बसत नाही म्हणता? मग चाल भाषेला बसवा! इतकं सोपं उत्तर होतं. परदेशात राहून घरात मराठी टिकवायची धडपड करणाऱ्या आपल्याला हा वाद काही परका वाटू नये.

पंकवाल्यांनी पुढची पायरी गाठली. १९७८च्या सुमारास न्यूयॉर्कहून परतलेल्या मंडळींनी 'फ्रिक्शन' हा बँड काढला, त्यांच्यासोबत लिझर्ड, मिरर्स वगैरे मिळून 'टोकियो रॉकर्स' अशी चळवळच झाली. ओसाकाकडच्या 'इनु' या बँडचा गायक माचिदा तर बोलीभाषेची धार घेऊनच आला. १९८१मध्ये त्यांची एकच तबकडी निघाली नि बँड मोडला. हाच माचिदा पुढे कादंबरीकार झाला आणि २००० साली त्याला आकुतागावा हा मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. पंक गाणाऱ्याला भाषा येत नाही असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद!

आणि 'द स्टालिन'. गायक मिचिरो एंदो, फुकुशिमा प्रांतातला. कार्यक्रमात प्रेक्षकांवर डुकराची मुंडकी नि आतडी फेकायचा. किळसवाणं? होय. पण हाच माणूस पुढे काय करतो ते बघा.

त्याआधी १९८८. चेर्नोबिलला दोन वर्षं झालेली. आर सी सक्सेशन या बँडने परदेशी गाण्यांच्या चालींवर जपानी शब्द रचून 'कव्हर्स' ही तबकडी केली. त्यात अणुऊर्जेविरुद्धची गाणी होती. त्यांची कंपनी तोशिबा-ईएमआय, आणि तोशिबा अणुभट्ट्या बांधणारी! कंपनीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की रेकॉर्ड इतकी उत्तम आहे की ती विकता येत नाही. शेवटी १५ ऑगस्टला दुसऱ्या कंपनीने ती काढली आणि ती खपाच्या यादीत पहिली आली. त्याच वर्षी ब्लू हार्ट्स या पंक बँडने 'चेर्नोबिल' हे गाणं आपल्या कंपनीबाहेर, स्वतंत्रपणे काढलं.

मार्च २०११मध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली. तेव्हा साठीला आलेल्या एंदोने संगीतकार योशिहिदे ओतोमो आणि इतरांसोबत १५ ऑगस्टलाच फुकुशिमा शहरात मोठा संगीत महोत्सव घेतला. गवतावरच्या किरणोत्सर्गी धुळीशी संपर्क येऊ नये म्हणून देशभरातून आलेली कापडं शिवून मैदानावर भलीमोठी गोधडी अंथरली होती. मुंडकी फेकणाऱ्याने लोकांच्या पायाखाली गोधडी घातली! एंदो २०१९मध्ये गेला.

आता माझ्या लाडक्या गराज बँडांबद्दल, नाहीतर तुम्ही म्हणाल हा भाषणच ठोकतोय. गिटार वुल्फची पहिली तबकडी १९९३मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या छोट्या कंपनीने काढली. म्हणजे माल उलटा निर्यात! द ५.६.७.८'ज या बायकांच्या बँडला तुम्ही २००३च्या 'किल बिल'मध्ये पाहिलंच असेल. आणि थी मिशेल गन एलिफंट. जून २००३मध्ये टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमात रशियन जोडी टाटू ऐनवेळी गायलाच आली नाही. मिशेलवाले आपलं गाणं वाजवून बसले होते. ते पुन्हा उठले आणि जागच्या जागी दुसरं गाणं वाजवलं. ना तालीम ना नखरे. ज्यांना सवय कोंदट तळघरांतल्या लाइव्ह हाउसची, जिथे बँडलाच ठराविक तिकिटं खपवावी लागतात आणि न खपलेल्यांचे पैसे पदरचे भरावे लागतात, त्यांना याचं काय भय? गायक युसुके चिबा नोव्हेंबर २०२३मध्ये अवघ्या ५५व्या वर्षी गेला.

तर, उचललं का? हो, गिटार उचलली. पण बंदी, टीव्ही, कंपनी या सगळ्यांनी नाही म्हटल्यावर तिच्यावर काय गायचं आणि कुठल्या भाषेत, हे यांचं यांनी ठरवलं.

ऐकायचं असेल तर आधी ब्लू हार्ट्स, मग मिशेल गन, आणि धीर झाला की स्टालिन. आवाज मोठा ठेवा. शेजाऱ्यांचं मी बघून घेतो!