एकच वादळ सगळ्यांना

ल्युबेकजवळच्या ट्राव्हेम्युंडेला 'पासाट' हे चार डोलकाठ्यांचं जुनं जहाज संग्रहालय म्हणून उभं आहे. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना हटकून तिथे नेतो. मग 'पामीर'ची गोष्ट सांगावीच लागते.

'पामीर'ही तसंच शिडाचं मालवाहू जहाज आणि दर्यावर्दींची तरंगती शाळा. ब्युनॉस आयर्सहून बार्ली घेऊन हॅम्बुर्गला येताना २१ सप्टेंबर १९५७ रोजी ते अटलांटिकमध्ये 'कॅरी' चक्रीवादळात बुडालं. जहाजावर ८६ जण, त्यांत ५१ शिकाऊ. वाचले फक्त ६.

समुद्रावरची परीक्षा अशी महाग. शिवाय ती सगळ्यांना सारखीही नसते. एकाच्या वाट्याला वादळ, दुसऱ्याच्या वाट्याला निवांत वारा!

१९९८ साली रोस्टॉकच्या वार्नेम्युंडेला मोठं सिम्युलेटर केंद्र सुरू झालं. अशा केंद्रात तेच धुकं, तीच समोरून येणारी फेरी प्रत्येकाला देता येते. वर सगळं नोंदलं जातं. म्हणजे न्याय झाला?

इथे आमच्यासारख्या इंजिनियरांना आकड्यांचा मोह होतो. दोन जहाजांतलं अंतर मोजा, गुण द्या, झालं. पण समजा, एकाला समोरची फेरी दिसलीच नाही आणि तो नशिबाने लांबून गेला. दुसऱ्याने ती वेळेत पाहिली, विचार करून वळला, पण थोडा जवळून गेला. आकडा पहिल्याला शाबासकी देईल! आणि फेरीचा कप्तान बनून रेडिओवर बोलतात ते प्रशिक्षकच. त्यांनी एकाला लगेच उत्तर दिलं, दुसऱ्याला ताटकळत ठेवलं, की वादळ सारखं राहिलंच नाही.

खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात (एसटीसीडब्ल्यू) १९९५ साली दुरुस्त्या झाल्या, तेव्हा याचा विचार झालेला दिसतो. निकष आधी ठरवा, ते उमेदवाराला आधी समजावून सांगा, इतरांच्या वागण्याचा परिणाम लक्षात घ्या. आणि गुण देण्याची पद्धत पारखून घेईपर्यंत ती जपूनच वापरा! शेवटी काम सुरक्षितपणे जमलं का, हे ठरवायचं परीक्षकानेच.

आमच्या कॉलेजातल्या तोंडी परीक्षा आठवल्या. परीक्षक जेवणाआधी कडक, जेवणानंतर मऊ. निकष कोणते, हे आम्हाला कधी कळलंच नाही. आमचे फार तर चार गुण जायचे. पण इथे चुकून पास झालेल्याच्या हाती उद्या खरी फेरी असणार, आणि चुकून नापास झालेल्याची नोकरी जाणार.