वावरातल्या खोपडीची वंशावळ

इटलीतल्या आल्बेरोबेल्लो गावची ‘त्रुल्ली’ म्हणजे चुना-माती न लावता, दगडावर दगड रचून उभारलेली टोकदार छताची घरं. युनेस्कोने ती १९९६ मध्ये जागतिक वारशात घेतली. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या वरूडलाही काळ्या पाषाणाची वाण नाही. तरी इथल्या शेतकऱ्याची वावरातली खोपडी दगडाची नव्हती.

सुटा दगड मांडण्याची रीत विदर्भात जुनीच. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, पण ती मृतांसाठी. जित्या माणसाने लाकूड, माती, गवत घेतलं, आणि ते शहाणपणाचं होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. सुटी दगडी भिंत तिच्यावर ठरत नाही.

शिवाय खोपडी हवी ती जागलीपुरती. ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांपासून राखण करायची. चार बल्ल्या रोवायच्या, तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांना अंबाडीच्या वाखाने आवळायच्या आणि वरून शेणामातीचा हात फिरवायचा. छपराला गवत. फटींतून वारा खेळतो, म्हणून उन्हाळ्यातही आत बसवतं. बल्ल्या सोडल्या तर जवळजवळ सगळं सामान वावरातलंच. १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवीत कापसाला भाव आला, वऱ्हाडात पेरा वाढला; पऱ्हाट्यांना तोटा नव्हता.

मग संत्रा आला. त्याने वरूड-मोर्शीला पैसा दिला, नाव दिलं. पण संत्र्याच्या झाडाला ना कडबा, ना तुराटी. त्याला लागतं पाणी, म्हणून दगड विहिरीत उतरला. तिथे तो बिनचुन्याचाच रचायचा, कारण सांधे उघडे असले तर झरे आत येतात. पुढे बोअर इतके झाले की भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत वरूडचं नाव लागलं.

आज बगीच्यात विटांची खोली, वर टिनपत्रे, आत मोटरचा स्टार्टर. मे महिन्यात दुपारी तिथे राखणदाराला बसवत नाही. पक्कं झालं, पण राहण्याजोगं राहिलं नाही, असंच मला वाटतं.

सुटे दगड रचण्याची कला आठ युरोपीय देशांनी मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंदवून घेतली. आपल्याकडे असा तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड बांधणारे हात गावोगावच्या जुन्या सालदारांकडे अजून आहेत. यंदा तूर सोंगली की तुराट्या पेटवू नका. त्या सालदारांना बोलवा, रीतसर मजुरी द्या आणि एक खोपडी पोरांसमोर बांधून घ्या.