लेखापरीक्षणाची बदलती मानके आणि बँका

भिलाई (छत्तीसगड) : दरवर्षी ३१ मार्च रोजी आर्थिक वर्ष संपते आणि एप्रिलच्या प्रारंभी बँकांच्या निवडक शाखांमध्ये वैधानिक लेखापरीक्षणाची लगबग सुरू होते. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरील भिलाई हे औद्योगिक शहर त्यास अपवाद नाही. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. कारखान्याभोवती वसलेल्या अशा नगरीत कामगारांचे वेतन, निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी आणि लहान उद्योगांची कर्जे एकाच शाखेच्या हिशेबात एकत्र येतात. हा हिशेब तपासणाऱ्या शाखा लेखापरीक्षकाच्या सहीची जबाबदारी कोठवर पोहोचते, हा अलीकडच्या मानकबदलांमागील कळीचा प्रश्न आहे.

शाखेपासून मुख्यालयापर्यंत

सरकारी बँकेत शाखांची तपासणी वेगवेगळ्या सनदी लेखापालांकडे सोपविली जाते. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास ते कर्ज सर्वसाधारणपणे अनुत्पादक ठरते. शाखेने ते नियमित दाखविले असल्यास परीक्षक दुरुस्ती सुचवितो. अशा सर्व शाखांचे आकडे एकत्र करून केंद्रीय वैधानिक लेखापरीक्षक संपूर्ण बँकेच्या ताळेबंदावर मत देतात. त्यामुळे एका शाखेत दडलेले बुडीत कर्ज मुख्यालयाच्या नफ्यातही दडून राहू शकते.

अहवालाचे नवे स्वरूप

१ एप्रिल २०१८ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी लेखापरीक्षण मानक ७०१ लागू झाले. त्यानुसार भागभांडवल बाजारात सूचीबद्ध असलेल्या संस्थांच्या अहवालात तपासणीतील सर्वाधिक महत्त्वाच्या बाबी स्वतंत्रपणे मांडाव्या लागतात. बँकांच्या बाबतीत अनुत्पादक कर्जांसाठीची तरतूद आणि संगणकप्रणालीवरील नियंत्रण या बाबी तेथे प्रामुख्याने आढळतात. सप्टेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने विस्तृत लेखापरीक्षण अहवालाचा नमुना सुधारला व तो २०२०-२१ पासून लागू केला. त्याच महिन्यात अनुत्पादक कर्जांची निश्चिती संगणकाद्वारे आपोआप व्हावी, यासाठी बँकांना ३० जून २०२१ ची मुदत देण्यात आली. परिणामी परीक्षकाला खातेवहीबरोबर ती तयार करणारी प्रणालीही तपासणे भाग पडले.

नेमणुकीचे कठोर नियम

२७ एप्रिल २०२१ च्या परिपत्रकाने व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका व बिगर-बँक वित्तीय कंपन्यांच्या लेखापरीक्षकांसाठी समान चौकट आखली. १५ हजार कोटी रुपये वा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या संस्थेस किमान दोन लेखापरीक्षण संस्थांकडून संयुक्त तपासणी अनिवार्य झाली. एका संस्थेचा कार्यकाळ सलग तीन वर्षे आणि त्यानंतर सहा वर्षांचा खंड निश्चित करण्यात आला.

वादाचा मुद्दा

इतर लेखापरीक्षकाच्या कामावर मुख्य परीक्षकाने किती विसंबावे, हे मानक ६०० ठरविते. जुन्या मानकात दोघांची जबाबदारी विभागलेली होती. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुधारित मानकाची शिफारस केली. त्यात संपूर्ण समूहाच्या मताची जबाबदारी मुख्य परीक्षकावर येते. १ एप्रिल २०२६ पासून ते लागू व्हावे, असे प्राधिकरणाने सुचविले. सर्व काम मोठ्या संस्थांकडे जाईल व लहान शहरांतील लेखापाल मागे पडतील, हा भारतीय सनदी लेखापाल संस्थेचा आक्षेप होता. शिफारशीतून सरकारी बँका व त्यांच्या शाखा वगळण्यात आल्या. त्यामुळे भिलाईसारख्या शहरांतील सरकारी बँकांच्या शाखा तपासणाऱ्या लहान संस्थांना या शिफारशीची थेट झळ बसणार नव्हती.

ठेवीदारांचा प्रश्न

मानकांचे महत्त्व त्यांच्या अपयशातून अधिक स्पष्ट होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आरंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. बँकेची बहुतांश कर्जे एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती लपविण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर २०२० च्या कायदादुरुस्तीने सहकारी बँकांच्या लेखापरीक्षकांच्या नेमणुकीस रिझर्व्ह बँकेची पूर्वसंमती आवश्यक ठरली. ठेवविम्याची मर्यादाही त्याच वर्षी एक लाखावरून पाच लाख रुपये झाली.

तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेत १२२ कोटी रुपयांच्या रोकडीचा अपहार उघडकीस आला. ही बँक ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली. मानके कितीही काटेकोर असली, तरी तिजोरीतील रोकड प्रत्यक्ष मोजणे आणि कर्जदाराच्या कारखान्यात जाऊन माल पाहणे, या कामांना पर्याय नाही. ठेवीदाराचा विश्वास अखेर शाखेतील या तपासणीवरच उभा असतो.